दोन बोटं

राइनहोल्टचा जिल्हा शेजारच्या जिल्ह्यात विलीन झाला आणि गाड्यांच्या नंबरप्लेटवरची त्या जिल्ह्याची तीन अक्षरंही बंद झाली. त्याआधी जर्मनीत कुठेही ती अक्षरं समोरून आली, की राइनहोल्ट स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलायचा. समोरचाही उचलायचा. ओळख असायलाच हवी असं नव्हतं.

चाळीस वर्षांनी सरकारने जुनी अक्षरं पुन्हा द्यायला सुरुवात केली. म्हातारा राइनहोल्ट वाहन नोंदणीची कचेरी उघडायच्या आधीच दारात उभा होता.

नवी नंबरप्लेट लावून परतताना वळणावर तीच अक्षरं समोरून आली. त्याने स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली.

ती गाडी थांबली. काच खाली करून एका तरुणीने काळजीने विचारलं, "तुम्हाला काही मदत हवी आहे का?"

"हो," तो म्हणाला. "जरा दोन बोटं वर करता?"