फक्त किल्ला

लतिकाबाई किल्ल्याच्या भुईदरवाज्यातून आत आल्या, तसे निकोलस दगडावरून उठले आणि पँटची धूळ झटकली. एलिसाच्या मोबाइलवरच्या फोटोत दिसल्या होत्या तशाच होत्या. काठाची साडी, पायांत पांढरे बूट, खांद्याला पर्स. सोबत कोणी नाही.

त्या तीन दिवसांपूर्वी औंधहून बोळिंजला मुलाच्या फ्लॅटवर आल्या होत्या. मुलाचं, सुमेधचं, एलिसाशी लग्न ठरलं होतं. म्हणजे त्या दोघांनी ठरवलं होतं. एलिसा ही निकोलसची एकुलती एक मुलगी. आज सांडोरला त्यांच्या घरी लतिकाबाईंना जेवायला बोलावलं होतं. उलट निरोप आला: "घर बघायला मी आलेली नाही. फक्त किल्ला बघेन, एकटीनं. आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जाईन." आईची परवानगी नसेल तर लग्न नाही, असं सुमेधनं एलिसाला आधीच सांगून टाकलं होतं.

"पप्पा, तुम्ही तिकडं फिरकायचं नाही," एलिसानं बजावलं होतं. निकोलस मान हलवून आपल्या केळीच्या वाडीकडे निघाले आणि स्कूटर थेट किल्ल्यावर आणली.

"त्या वाटेनं नका जाऊ," ते म्हणाले. "पुढं काटे आहेत."

"तुम्ही इथले का?"

"हो. रोज चालायला येतो."

खरं तर किल्ल्यात शेवटचं पाऊल टाकल्याला त्यांना सहा वर्षं झाली होती.

"मग दाखवा," लतिकाबाई म्हणाल्या.

हिवाळ्यातली सकाळ होती. ऊन टोचत नव्हतं. निकोलसनी छप्पर उडालेली चर्चं दाखवली, भिंतीत शिरलेली पिंपळाची मुळं दाखवली, जमिनीत बसवलेल्या थडग्यांवरची पोर्तुगीज अक्षरं दाखवली. ही बाजाराची गल्ली, इथं सराय, असं ते सांगत सुटले. काही माहीत होतं, काही तिथल्या तिथं सुचत होतं. नागेश्वराच्या देवळापाशी लतिकाबाईंनी बूट काढून हात जोडले. तेवढा वेळ निकोलस बुटांपाशी उभे राहिले. पुढं एका वळणावर त्यांनी बाईंना सरळ दाट झुडपात नेऊन उभं केलं.

"काल इथून वाट होती," ते म्हणाले.

"काल असेल," म्हणत लतिकाबाई मागं वळल्या.

थोडं चालून गेल्यावर त्यांनी निकोलसच्या गळ्यातल्या क्रुसाकडे पाहिलं. "हा किल्ला चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतला. मग तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"आम्ही केळीच्या बाजूचे. वर तोफा चालल्या तरी खाली पाणी द्यावंच लागलं असणार."

लतिकाबाई हसल्या. निकोलसना वाटलं, आता जमेल.

मोठ्या चर्चच्या कमानीखाली एका जोडप्याचं फोटोशूट चाललं होतं. मुलीचा झगा चार हात मागं पसरला होता. छायाचित्रकार ओरडला, "काका, काकी, फ्रेममधून बाजूला व्हा." दोघं मुकाट्यानं भिंतीकडेला जाऊन उभी राहिली.

"माझा मुलगाही लग्न करायचं म्हणतोय," लतिकाबाई म्हणाल्या. "मुलगी तुमच्यातली. तुमच्यात असं कुणी केलं तर काय होतं?"

या क्षणासाठीच निकोलस आले होते. वाक्यं तयार होती. मुली आमच्याकडे शिकलेल्या असतात, कुणावर काही लादत नाही, दोन्ही सण होतात. त्यांनी तोंड उघडलं आणि भलतंच बोलून गेले.

"माझ्या बहिणीनं केलं. बेटीनं. घरात कुणी तिच्याशी अकरा वर्षं बोललं नाही. त्याच अकरा वर्षांत आई गेली. बेटी मातीला आली आणि फाटकाबाहेर उभी राहिली. मला दिसत होती. मी आत ये म्हटलं नाही."

लतिकाबाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"आता येते ती. नवराही येतो," निकोलस म्हणाले. "चांगला माणूस आहे. अकरा वर्षं मला ते माहीतच नव्हतं."

फोटो संपले. झगा गोळा करून जोडपं गेलं. लतिकाबाई पुढं चालू लागल्या, त्या थेट सागरदरवाज्यापर्यंत थांबल्या नाहीत. निकोलस दोन पावलं मागं राहिले. मुलीची बाजू मांडायला आलो आणि घरातलं सगळ्यात वाईट तेवढंच सांगून बसलो, हे त्यांना कळत होतं. घरी जाऊन एलिसाला काय सांगायचं, ते मात्र कळत नव्हतं.

दरवाज्याबाहेर बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. पलीकडे खाडीत होड्या डुलत होत्या. धक्क्याजवळ एक चहाची टपरी होती आणि तिच्यापुढं दोन रिक्षा उभ्या होत्या. लतिकाबाईंनी पर्समधून बाटली काढली, दोन घोट पाणी प्यायल्या आणि बाटली निकोलसपुढं केली. तेही प्याले.

"चहा घेणार?" निकोलसनी टपरीकडे बोट दाखवलं. "मग स्टेशनला रिक्षा करून देतो."

"टपरीवर नको," लतिकाबाई म्हणाल्या. "दोन तास झाले, तुम्ही मला एकदाही गाव विचारलं नाही. अनोळखी माणूस आधी तेवढंच विचारतो, निकोलसराव. चला, एलिसाच्या आईला फोन करा, चहा टाका म्हणावं."