राजाच्या काळातलं नाटक

नाटकाच्या संहितेत साल कुठंच लिहिलेलं नव्हतं, पण नटांना ते हवं होतं. घरातली शेगडी थंडगार, पावासाठी पहाटेपासून रांग, सख्ख्या भावाशी बोलायचं तेही कुजबुजत. दिग्दर्शिका स्मारांदाने विचारलं, "सांगा पाहू, हा काळ कुठला?"

"बाई, हे तर आज सकाळचंच आहे," म्हातारा इलारिए म्हणाला. "मी त्याच रांगेतून येतोय." सगळे हसले आणि लगेच चपापले.

"हे राजाच्या काळातलं आहे, पक्षाचं राज्य येण्याआधीचं," स्मारांदा ठासून म्हणाली. "लांब कोट घाला, मिशा चिकटवा. झोपेत कुणी विचारलं तरी हेच सांगायचं. नाहीतर नाटकाबरोबर आपणही आत जाऊ."

रंगीत तालमीला रोमानियाच्या राजधानीतून, बुखारेस्टहून, नाटकांना परवानगी देणारे सरकारी साहेब आले. त्यांनी शेवटपर्यंत चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही.

"छान! राजाच्या राज्यात लोकांचे काय हाल होते, ते बरोबर दाखवलंत," साहेब म्हणाले. "एकच चूक आहे. बायकोशी बोलण्याआधी नवरा टेलिफोनवर उशी दाबतो, ते काढून टाका."

"का, साहेब?"

"अहो, राजाच्या काळात टेलिफोनमधून ऐकत कोण होतं?"

साहेबांचा चेहरा हळूहळू पांढराफटक पडला.


"बाई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी आत्ता काहीच बोललो नाही."