मधला ढीग

"काका, हाच घेऊ या. मधला ढीग," पाहुणी म्हणाली आणि तिने हातातल्या खरबुजाला पुन्हा एकदा नाक लावलं.

काका! मिरचीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या बाबांना काका म्हणणारी ही कोण लागून गेली? परदेशी व्यापाऱ्याची मुलगी, परवाच वडिलांबरोबर विमानातून उतरलेली. वर्षभर फोनवर मालाचं बोलता बोलता इथली भाषासुद्धा शिकून बसलेली. आणि बाबा तरी? "बघ, तुझ्याच वयाची आहे. रोजा धरून, पाण्याचा थेंब न घेता सकाळपासून शेडमध्ये उभी आहे!" तेव्हा मिरचीच्या तोंडात बिस्कीट होतं. तिने ते न चावता गिळलं.

शेडमध्ये खरबुजांचे तीन ढीग होते, तीन शेतांतले. ईदच्या आधी व्यापाऱ्याच्या देशात पोचणारा हा शेवटचा कंटेनर, आणि त्यात एकच ढीग मावणार होता. कुठला, ते सांगायचं काम मिरचीचं. बाबांना साखरेचा आजार, म्हणून दुधाचे दात पडायच्या आधीपासून ती त्यांची जीभ होती. "मिरची बोलली की शिक्का बसला," असं ते व्यापाऱ्यांना छाती फुगवून सांगत. आणि आज ही बया नुसता वास घेऊन निकाल देते!

"वास झकास आहे गं," बाबा म्हणाले, "पण चव मिरचीच घेणार."

त्यांनी मधल्या ढिगातलं एक फळ कापलं, फोड पुढे केली. मिरचीने ती खाल्ली. साखर! नुसती साखर. जिभेवरच राहावी, संपूच नये असं वाटायला लावणारी.

"पाणचट," ती म्हणाली.

"नक्की?"

"काकडी बरी, बाबा!"

बाबांनी पुढे एक अक्षर विचारलं नाही. लगेच हमालांना हाक मारली, "मधला ढीग बाजूला काढा रे, इथल्याच बाजारात जाऊ दे." ते इतक्या पटकन विश्वास ठेवतील असं मिरचीला वाटलं नव्हतं. खरं सांगायला तिने तोंड उघडलं. पण पाहुणीचा उतरलेला चेहरा दिसला आणि ते आपोआप मिटलं.

"काका, संध्याकाळपर्यंत थांबाल?" पाहुणी म्हणाली. "रोजा सुटला की मी खाऊन बघते." बाबांनी हमालांना थांबवलं.

संध्याकाळ! रोजा धरलेली माणसं जन्मात पुन्हा काही खाणारच नाहीत, अशा थाटात मिरची थाप मारून बसली होती.

सूर्य बुडाला. व्यापारी आणि त्याची मुलगी चटईवर बसले. पाहुणीने खजूर खाल्ला, पाण्याचा घोट घेतला आणि मधल्या ढिगातली फोड उचलली. मिरची बुटाची नाडी बांधायला वाकली, ती वर येईचना.

पाहुणीने फोड पार सालीपर्यंत खाल्ली. मग मिरचीकडे बघितलं. चांगलं टक लावून.

"सकाळी पाणचटच असेल, काका," ती म्हणाली. "दिवसभर शेडमध्ये तापून गोड झालंय."

वेलीवरून उतरलं की खरबूज काडीइतकंही गोड होत नाही, हे शेडमधल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. बाबांना तर होतंच. मिरचीकडे न बघता ते म्हणाले, "असेल बाई. ऊन कडक होतं आज." आणि त्यांनी हमालांना मधला ढीग कंटेनरमध्ये भरायला सांगितला.

पाहुणीने दुसरी फोड मिरचीपुढे धरली. "घे ना. आता गोड लागेल."

मिरचीने घेतली. मेलीने सरळ चुगली केली असती, तर निदान कडकडून भांडता तरी आलं असतं.