पोटाचा फोटो

"आत एकट्या पेशंटनंच जायचं बघा, साहेब," मल्लाप्पा दाराला पाठ लावून म्हणाला. एक्स-रे विभागाचा तो जुना शिपाई होता. "नातेवाइकांना सोडायचं न्हाई."

"मी एकटी जायची नाही," गोदूबाई म्हणाल्या. "आत मिट्ट काळोख, त्यात परका पुरुष. सून येईल माझ्याबरोबर."

त्यांच्या मुलाने, हयवदनने, मल्लाप्पापुढे हात जोडले.

"सरी, बरं, जावा दोघी," मल्लाप्पा म्हणाला. गोदूबाई आणि हेमलता आत गेल्या. दार बंद झालं.

हयवदन बाकावर टेकला. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात तो सुटे भाग तपासायचा. दोष हुडकणं हा त्याचा धंदाच होता, आणि आईच्या पोटातली दोन महिन्यांची जळजळही तो तशीच हुडकायला निघाला होता. दिवससुद्धा डोकं चालवून एकादशीचा घेतला. फोटोला पोट रिकामं लागतं, आणि एकादशीला त्यांच्या घरात कोणी पाण्यालाही शिवत नसे. पेशंटला पांढरं बेरियम पाजतात, मग अंधारात पडद्यावर जठर दिसतं, डोळे सरावावेत म्हणून डॉक्टर आधी लाल चष्मा लावून बसतात, हे सगळं त्याने सकाळीच घरात समजावून सांगितलं होतं. समजावून सांगायची त्याला खोडच होती. "औषधाला एकादशी आड येत नाही, अम्मा," असंही त्याने ठणकावलं. गोदूबाई गप्प राहिल्या. त्याला वाटलं, पटलं.

अर्ध्या तासाने दोघी बाहेर आल्या. हेमलता पदराने तोंड पुसत होती.

"आत फार उकडतं," ती म्हणाली.

चार दिवसांनी डॉक्टरांनी हयवदनला एकट्यालाच बोलावलं. त्यांनी फिल्म उजेडापुढे धरली आणि जठराच्या कडेवर पेन्सिल टेकवली.

"गाठ आहे. पसरली आहे. ऑपरेशनाचा उपयोग नाही. फार तर वर्षभर. आवडेल ते खाऊ घाला."

घरी आल्यावर त्याने स्वयंपाकघरात हेमलताला सांगितलं. ती हातातलं पातेलं ठेवून जमिनीवर बसली.

"फोटो चुकतो का हो कधी?"

"वर अम्माचं नाव आहे, तारीख आहे. कसा चुकेल?"

"आणि ऑपरेशन?"

"उपयोग नाही म्हणाले."

ती पातेल्यावर झाकण ठेवून उठली. मग म्हणाली, "अम्मांना सांगू नका. कोणालाच सांगू नका."

बारा वर्षं सोवळ्या-ओवळ्यावरून या दोघींची धुसफूस चालली होती. बायकोचा सासूवर एवढा जीव असेल असं हयवदनला कधी वाटलं नव्हतं. त्याला भरून आलं. तो रडला, आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्यानंतर मात्र त्याला काहीच उमगेनासं झालं. गोदूबाईंची जळजळ आपोआप थांबली. त्या चामराजपेटेतल्या मठापर्यंत पायी जाऊ लागल्या. दिवाळीत त्यांनी चकल्या कडाडा फोडून खाल्ल्या आणि चिवड्याला मीठ कमी आहे म्हणून सुनेला टोमणाही मारला. हयवदन डॉक्टरांकडे गेला. त्यांनी फिल्म पुन्हा पाहिली, पुन्हा कपाळाला आठ्या घातल्या. "कधी कधी असं होतं," एवढंच म्हणाले.

वाळत चालली होती हेमलता. पानात दोन घास वाढून घ्यायची, त्यातला एक टाकायची. विचारलं की म्हणायची, "भूकच नाही." दहा वर्षांच्या लेकीला, वीणाला, ती भात लावायला आणि सार करायला शिकवू लागली.

"एवढ्यात कशाला? लहान आहे ती," हयवदन म्हणाला.

"असू दे. यायला हवं."

जाणारी टवटवीत आणि राहणारी काळजीने झिजतेय, हे हयवदनला बघवेना. हे गुपितच तिला खातंय, असं त्याच्या मनाने घेतलं. ते फोडून टाकायचं त्याने ठरवलं.

रविवारी दुपारी गोदूबाई वाती वळत होत्या. तो समोर बसला.

"अम्मा, आपण उडुपीला कृष्णाच्या दर्शनाला जाऊन येऊ."

"आता रे मधेच?"

"पुढे जमेल, न जमेल." तो आणखी पुढे सरकला. "अम्मा, तुझ्या पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत."

गोदूबाईंचे हात थांबले. घाबरल्यासारख्या त्या दिसल्या नाहीत; नुसत्या गोंधळल्या.

"स्वल्प थांब. माझ्या पोटात? कोण म्हणालं?"

"फोटोत दिसलं ना. मी डोळ्यांनी पाहिलं."

"पण ते औषध मी कुठे प्याले?" गोदूबाई म्हणाल्या. "एकादशी होती रे. तू चिडशील म्हणून हेमाच प्याली, आणि माझ्या जागी तीच त्या टेबलावर निजली."