उलटं ठेवलेलं झाकण

जुनी डिझेल गाडी घेताना इंजिन चालू ठेवून, त्यात तेल ओततात तिथलं झाकण सोडवायचं आणि तोंडावर नुसतं उलटं ठेवायचं. थरथरलं तर ठीक, उडालं तर इंजिन आतून संपलेलं. हे मला माझ्या भावाने शिकवलं होतं.

गाडी लागणारच होती. बसने दवाखान्यापर्यंत जाण्याइतका दम यांच्या छातीत उरला नव्हता.

"लग्नाआधी मला एवढं तपासलं असतंस तर नापास झालो असतो," स्टिअरिंगमागून हे म्हणाले आणि धापा टाकत हसले.

"तेव्हा झाकण कुठे असतं तेच माहीत नव्हतं."

झाकण जागेवर थरथरत राहिलं. "बघा ताई, ठणठणीत आहे," विकणारा म्हणाला. यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

झाकण मात्र हलत राहिलं. हळूच वर उचललं जायचं, खाली टेकायचं, जरा थांबून पुन्हा वर.

"आतली हवा असेल," विकणारा म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला.

ती लय माझ्या ओळखीची होती. रोज रात्री उशाशी मी तीच ऐकत पडते. लांब ओढ, मधेच अडखळणं, मग सुटका.

उघड्या बॉनेटच्या आडून मला हे दिसत नव्हते.

"अहो, जरा श्वास रोखून धरा बघू."

झाकण टेकलं आणि थांबलं.

"हं, सोडा आता."

झाकण हललं नाही.

"अहो, सोडा ना."