परीक्षक बाईंचा शेरा
मेल वाचून ती हसतच सुटली. "दादा, इकडे ये! मी तज्ज्ञ झाले!"

प्रयोगशाळेतला सगळ्यांत जुना विद्यार्थी, म्हणून सगळ्यांचाच दादा. तो येऊन पडद्यावर वाकला. 'आपल्यासारख्या विदुषींनी सोबतचा शोधनिबंध तपासून द्यावा.' पाठवणारी संस्था तीच, जिच्याकडे तिने पैसे भरून स्वतःचा निबंध छापायला दिला होता. छापील निबंध जोडल्याशिवाय पीएचडीचा प्रबंध घेत नाहीत, आणि मुदत महिनाअखेर संपत होती. करते काय बिचारी!

तिने निबंध उघडला. लेखकाचं नाव झाकलेलं. बिया, खारं पाणी, रुजवण... अरे देवा, हा तर तिचाच! संस्था गिऱ्हाइकांनाच परीक्षक करत होती आणि कोणाचा निबंध कोणाला चाललाय, हे बघायलाही कोणी नव्हतं.

दादा पोट धरून हसला. "नशीब काढलंस! 'अप्रतिम' लिही आणि मोकळी हो."

पण ती एका तक्त्यापाशी अडली. सगळ्यांत खाऱ्या पाण्यात तिची एकही बी रुजली नव्हती. इथे निम्म्या रुजल्या होत्या.

"हे मी नाही लिहिलं, दादा."

"त्यांनी जरा सजवलं असेल. रुजलंच नाही, असं कोण छापतं?"

समोरच्या फळीवर त्या प्रयोगाची काचेची बशी अजून होती. बिया होत्या तशाच, सुरकुतलेल्या. निबंध नाकारला गेला तर सगळी वर्षं वाया. तरी तिने लिहिलं: 'या पाण्यात या बिया रुजत नाहीत. आकडे खोटे आहेत. निबंध छापू नये.'

"वेडी का खुळी तू!" दादा ओरडला. तोवर शेरा गेला होता.

हातातला चहा संपायच्या आत लागोपाठ दोन मेल आल्या. पहिलीत परीक्षकांचे आभार होते. दुसरीत लेखिकेचं अभिनंदन: 'परीक्षकांनी एकमुखाने वाखाणलेला आपला निबंध आज प्रसिद्ध झाला आहे.'

दादाने दोन्ही मेल पुन्हा वाचल्या. तेवढ्यात तिच्या बाबांचा रोजचा फोन आला.

"छापून आलं का गं?"

"आलं, बाबा."

"वा! मग आवाज का असा पडलाय?"

तिने बशीकडे पाहिलं. "एका परीक्षक बाईंना नाही पटलं."

"असू दे गं," बाबा म्हणाले. "असतात एकेक खडूस. त्यांचं मनावर नाही घ्यायचं."