नेमका प्रतिशब्द

"मुलगी दिवसभर घरात काय करते?" बालकल्याण खात्याच्या अधिकारी मॅडमनी इंग्रजीत विचारलं.

दुभाषी बाईंनी प्रश्न रशियनमध्ये सांगितला. समोर बसलेला म्हातारा सुतार पहिल्यांदाच हसला. इतका वेळ त्याने सगळी उत्तरं मान खाली घालून दिली होती. लेक आजारपणात गेली, जावई त्याआधीच परागंदा झाला, चार वर्षांची नात तेवढी उरली. ती मला द्या, बाकी काही नको. आता मात्र त्याचा चेहरा उजळला.

"काय करणार? माझ्या मानेवर बसलेली असते," तो म्हणाला.

बाईंना आतून गुदगुल्या झाल्या. बावीस वर्षं त्या एक वही भरत आल्या होत्या. डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे त्याचा रशियन जोडीदार. नुसत्या मान आणि पाठ यांनीच तेवीस पानं अडवली होती. "हाडांच्या डॉक्टरकडेसुद्धा एवढ्या माना-पाठी येत नसतील," असं ऑफिसात सगळे चिडवायचे. मानेवर बसणं तर पहिल्याच पानावर होतं. रशियन माणूस आयतं खाणाऱ्याला कंटाळला की हेच म्हणतो. आणि इथे कुणी ते त्यांच्यासमोर जिवंत, घरगुती आवाजात बोललं होतं!

त्यांनी क्षणभरही न थांबता इंग्रजी प्रतिशब्द पुढे केला. "ती माझ्या गळ्यातली धोंड झालीये, असं म्हणतायत."

मॅडमचं पेन थांबलं. "असं म्हणाले? हसत हसत?"

"अगदी असंच."

"एकदा परत विचारून घ्या ना."

"मॅडम, बावीस वर्षं झाली मला. विचारायची गरज नाही."

मॅडमनी लिहून घेतलं. म्हातारा दोघींकडे आळीपाळीने बघत खुशीत मान डोलवत होता.

महिन्याभरात नात दुसऱ्या शहरातल्या एका कुटुंबात गेली. निकाल सांगताना बाईंनी आवाज कोरडा ठेवला. सुताराने ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझं काय चुकलं, पोरी?" दुभाष्याने स्वतःच्या पदरचं काही बोलायचं नसतं. बाई मनात मात्र म्हणाल्या, आपल्याच तोंडाने तर बोललास, बाबा.

मुलीचे उरलेले कपडे आणायला मॅडम आणि बाई त्याच्या खोलीवर गेल्या. खोली माळ्यावर होती. लाकडाचा भुसा स्वच्छ झाडलेला, खिडकीत इवले इवले मोजे वाळत घातलेले. ते काढायचं त्याच्या जिवावर आलं असावं. दार बुटकं होतं आणि चौकटीच्या वरच्या बाजूला जुन्या रजईची जाड पट्टी खिळ्यांनी ठोकलेली होती.

"हे कशाला?" मॅडमनी विचारलं. बाईंनी प्रश्न पोचवला.

"पोरगी सारखी माझ्या मानेवर बसलेली असायची ना. दोन्ही पाय असे गळ्यात टाकून," म्हाताऱ्याने आपल्या छातीवर हात ठेवून दाखवलं. "खाली उतरायचं नावच नाही. मी दारात वाकायला विसरायचो आणि तिचं डोकं आपटायचं. म्हणून ठोकलं."

बाई चौकटीकडे बघत राहिल्या. वाक्य सरळ होतं. त्याला डावी बाजू नव्हती, उजवी बाजू नव्हती.

"काय म्हणतायत?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. सुतारकामाचं काहीतरी."

खरं सांगायला त्यांना पाच महिने लागले. आधी वाटलं, नोकरी जाईल. मग वाटलं, मुलगी तिथे सुखात असेल, कशाला ढवळायचं. मग जेवण जाईना. शेवटी एका सकाळी मॅडमच्या टेबलापाशी उभं राहून त्यांनी एका दमात सगळं ओकून टाकलं. मॅडम ओरडल्या नाहीत. "मी विचारा म्हटलं होतं," एवढंच म्हणाल्या.

नोकरी राहिली. अर्ज झाला, फेरसुनावणी झाली, कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. त्यात आणखी वर्ष गेलं. मुलगी आता तिथे रुळली आहे, तिला पुन्हा उपटू नये, असं तज्ज्ञांनी लिहिलं. आजोबांना महिन्यातून एकदा भेट मिळाली, ऑफिसातल्याच एका खोलीत.

पहिल्या भेटीला सुतार नवा शर्ट घालून आला. "माझी चिमणी ती," म्हणत तो बोलतच सुटला. मुलगी त्याच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. तिला एक शब्द कळत नव्हता. दीड वर्षात तिची रशियन पुसून गेली होती. मग आजोबा आणि नात यांच्या मधोमध बाईंसाठी खुर्ची मांडावी लागली.

शाळा आवडते का? हो. दात पडला का? हो. एवढीशी उत्तरं बाई इकडून तिकडे नेत होत्या, आणि म्हातारा प्रत्येक उत्तर खाऊसारखं पुरवून पुरवून घेत होता.

मग मुलीने खिडकीपाशी बसलेल्या आपल्या नव्या आईकडे पाहिलं आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं.

"काय म्हणाली? काय म्हणाली?" म्हातारा पुढे सरकला.

या वेळी बाईंनी काही जोडलं नाही, काही सोडलं नाही. जसंच्या तसं सांगितलं. "विचारतेय, घरी कधी जायचं?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. तो ताडकन उठला आणि खुंटीवरचा तिचा छोटा कोट काढायला लागला.